ब्रेक पॅड निवडताना आधी डिस्क किती तापते ते बघा

तुमचा प्रश्न असा आहे: माणसांसकट साधारण बाराशे किलोची हॅचबॅक, चारही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दाबणारे पॅड. रोज ऑफिसची ये-जा, सुट्टीच्या दिवशी घाटरस्ते आणि वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचे दिवस. लांब घाट उतरताना कंपनीचे पॅड दगा देतात. आता सेमी-मेटॅलिक घ्यावेत, सिरॅमिक घ्यावेत की सरळ रेसिंगचे? आणि ब्रेकिंगचं अंतर त्याने किती कमी होईल?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक चुकीची खरेदी तिथूनच सुरू होते. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबल्यावर तुमचं एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आत्ताच काम करू लागत असेल, तर चाक लॉक करायला लागणारी ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आहेच. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. महागातले पॅड बसवून तो एक ब्रेक जवळपास तेवढ्याच अंतरात लागेल, फक्त पायाला जोर कमी लावावा लागेल. चांगल्या पॅडची खरी कमाई दहाव्या ब्रेकला दिसते: तो पहिल्यासारखाच लागतो. तुमची तक्रारही नेमकी त्या दहाव्या ब्रेकचीच आहे, त्यामुळे पॅड बदलण्याचा विचार योग्यच आहे. मात्र सेमी-मेटॅलिक की सिरॅमिक, या वादात शिरण्याआधी तुमची डिस्क कुठे किती तापते याचा अंदाज घ्या.

हिशोब अवघड नाही. ब्रेक गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलतो, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाराशे किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरवरून थांबवली की साधारण ७४ किलोज्यूल उष्णता तयार होते. ताशी १०० वरून थांबवली तर ४६३ किलोज्यूल, म्हणजे सहापटीहून जास्त. यातली ७० टक्के पुढच्या ब्रेकवर पडते आणि पुढची प्रत्येक डिस्क ६ किलोची आहे असं धरलं, तर शहरातल्या एका ब्रेकने डिस्क १० अंशांच्या आसपास तापते आणि १०० वरच्या एका ब्रेकने ६० अंशांच्या आसपास. ट्रॅकवर १४० वरून ६० वर येताना एका दमात ९० ते ९५ अंश चढतात, आणि ते निवायच्या आत पुढचं वळण येतं.

आता घाट बघा. ५०० मीटर उंची उतरताना तुमच्या गाडीची सुमारे ५,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकवर टाकली तर १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याएवढी उष्णता झाली. शिवाय वेग कमी असल्याने डिस्कला वाराही कमी मिळतो. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, पेडलवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक म्हणूनच सपाट रस्त्यावर जोरात चालवणाऱ्यापेक्षा लवकर हरतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं की यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. तुम्ही घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता हे प्रश्नात लिहिलेलं नाही, पण पॅडच्या आधी मी तेच तपासेन.

दुसरी तपासणी पेडलची. “ब्रेक लागेनासे झाले” या तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. पेडल नेहमीच्याच उंचीवर कडक आहे, पाय जोर लावतोय आणि गाडी मात्र पुढे सरकतेय, तर पॅड फेड झालेत, म्हणजे तापून त्यांची पकड गेलीय. पेडल मऊ पडलंय, खोल जातंय, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय ऑइलऐवजी ती वाफ दाबतोय. या दुसऱ्या आजारावर जगातला कोणताही पॅड उपयोगाचा नाही. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, डॉट ४ साठी हा आकडा २३० आणि डॉट ५.१ साठी २६० आहे. पण ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. तीन-चार वर्षं न बदललेल्या ऑइलवर नवे पॅड बसवून घाटात जाऊ नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, नाव जवळचं वाटलं तरी ते यात मिसळायचं नसतं.

समजा पेडल कडकच राहत होतं, म्हणजे दोष पॅडचाच. मग पॅड कशाचा बनतो ते बघू.

जवळपास सगळ्या रस्त्यावरच्या पॅडमध्ये मिश्रण बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे फिनॉलिक रेझिन. त्यात तंतू, घर्षण वाढवणारे कठीण कण, ग्रॅफाइटसारखे घसरवणारे पदार्थ आणि भराव. ३०० अंशांच्या पुढे रेझिन हळूहळू जळू लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पॅडची पकड ढासळते. कोणता पॅड किती तग धरेल हे बरंचसं रेझिन किती आहे, कसं भाजलं आहे आणि उरलेलं मिश्रण उष्णता कशी सोसतं यावर ठरतं. डब्यावरचं नाव फक्त तंतू कोणते ते सांगतं, तेही ढोबळपणे.

ऑरगॅनिक, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले सेंद्रिय पॅड मऊ, शांत आणि थंडीतही पटकन धरणारे असतात. डिस्कला जपतात. शहरात त्यांच्यासारखं सुख नाही, पण सलग उष्णतेपुढे ते सर्वांत आधी शरण जातात. जपानी पद्धतीच्या अनेक गाड्यांना कारखान्यातूनच या घराण्यातले पॅड येतात. युरोपीय गाड्यांना बहुधा लो-मेटॅलिक असतात: थोडे लोखंडी तंतू, वेगात जास्त पकड, आणि बदल्यात चाकांवर काळी पूड. सेमी-मेटॅलिकमध्ये वजनाने साधारण तिसरा हिस्सा ते दोन-तृतीयांश धातू असतो. उष्णता सोसण्यात ते पुढे, आवाज आणि डिस्कची झीज यांत मात्र मागे. धातू उष्णता पटकन वाहून नेतो, हा गुण दुधारी आहे. पृष्ठभाग थोडा लवकर निवतो, पण तीच उष्णता पॅडच्या पाठीमागच्या प्लेटमधून कॅलिपरकडे आणि ऑइलकडेही जाते. सेमी-मेटॅलिक बसवलेल्या गाडीत ऑइलची हयगय जास्त महागात पडते ती यामुळे.

सिरॅमिक या शब्दाने लोक सर्वांत जास्त फसतात. सिरॅमिक पॅड म्हणजे सिरॅमिक तंतू घातलेला, बहुतेक वेळा रेझिननेच बांधलेला, शांत आणि कमी पुडीचा रोजच्या वापराचा पॅड. त्याची पूड फिकट असते, अलॉय व्हील स्वच्छ दिसतात, झीजही सावकाश होते. सुपरकारवरच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याचा संबंध नाही. त्या डिस्कना त्यांचे खास पॅड लागतात आणि ते पॅड तुमच्या बिडाच्या डिस्कवर चालवायचे नसतात. “सिरॅमिक आहे, म्हणजे ट्रॅकला चालेल” असं गृहीत धरून घेतलेले साधे सिरॅमिक पॅड काही लॅपमध्येच हात टेकतात. उलट काही ट्रॅकच्या मिश्रणांतही सिरॅमिक घटक असतात. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि त्या कंपाऊंडचा तापमानाचा पट्टा विचारा. गंभीर उत्पादक घर्षणांक विरुद्ध तापमान असा आलेख देतात. त्यात सर्वांत उंच टोक शोधू नका, रेषा किती सपाट आहे ते बघा. ५० अंशांना ०.३६ आणि ४५० अंशांना ०.४० देणारा पॅड तुमच्यासाठी २०० अंशांना ०.५० मारून पुढे ०.२८ वर कोसळणाऱ्यापेक्षा कितीतरी भला.

आलेख मिळाला नाही तर पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं बघा. ती अमेरिकेच्या एसएई जे८६६ या पद्धतीची असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचा घर्षणांक दाखवतं, दुसरं गरम असतानाचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई असं दिसलं तर तापल्यावर पकड घटते हे तिथेच कळलं. पण या अक्षरांवर फार विसंबू नका. ०.३६ ही एफ आणि ०.४४ ही एफच, तरी त्याच पेडलवर ब्रेकचा जोर वीस टक्क्यांहून जास्त वेगळा. शिवाय ही चाचणी एक इंच चौरसाच्या तुकड्यावर होते आणि साधारण ३४५ अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवर डिस्क ५०० च्या पुढे जाते, त्याबद्दल ही अक्षरं काहीच सांगत नाहीत.

युरोपातलं आर९० हे प्रमाणपत्र निराळं आहे. बदली पॅडची कामगिरी त्या गाडीच्या मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे राहायला हवी, अशी त्यात अट आहे. रोजच्या वापराच्या पॅडवर हा शिक्का मला हवाच असतो. त्याचा अर्थ पॅड जोरदार आहे असा होत नाही, एवढंच की थंडीत, पावसात, सकाळच्या पहिल्या ब्रेकला तो मूळ पॅडसारखा वागेल आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडवणार नाही. शुद्ध रेसिंग पॅडवर हा शिक्का सहसा नसतो आणि बऱ्याच देशांत ते रस्त्यावर वापरायला परवानगीही नसते.

रेसिंग पॅड रोजच्या गाडीला नको हे मी ठामपणे सांगतो. पूड आणि किंचाळणं ही कारणं गौण आहेत, खरं कारण दोन प्रकारच्या घर्षणात आहे. एका प्रकारात पॅड डिस्कला खरवडतो. दुसऱ्यात पॅडच्या द्रव्याचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा थर डिस्कवर बसतो आणि पॅड त्या थराला धरतो. रेसिंगचं मिश्रण दुसऱ्या प्रकारे काम करण्यासाठी बनवलेलं असतं आणि त्यासाठी त्याला भरपूर उष्णता लागते. शहरात डिस्क सहसा १००-१५० अंशांच्या वर जात नाही, तेव्हा हे मिश्रण सँड पेपरसारखं डिस्क घासत बसतं. बसलेला थर निघून जातो, डिस्कला खोल रेषा पडतात, आणि सकाळी घराबाहेरच्या पहिल्या चौकात कोणी आडवं आलं तर पॅड धरतच नाही. ट्रॅकवर तुम्हाला ब्रेक कुठे लागणार हे माहीत असतं आणि तिथवर पॅड तापलेलेही असतात. रस्त्यावर यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

मधला वर्ग तुमच्या कामाचा: ज्याला दुकानदार परफॉर्मन्स स्ट्रीट किंवा फास्ट रोड म्हणतात. थंडीत ऑरगॅनिकच्या तुलनेत उन्नीस-बीस, पण ४५० ते ५०० अंशांपर्यंत सपाट राहणारं मिश्रण. किंमत म्हणून थोडी पूड आणि थांबता थांबता अधूनमधून चीं आवाज. तेवढं सोसायची तयारी ठेवा. शंभर अंशांपासून सातशे अंशांपर्यंत सारखं चालणारं, शांत, पूड न करणारं आणि डिस्क न खाणारं असं एकच मिश्रण कोणी विकत असेल तर त्यातलं किमान एक विधान खोटं आहे.

विकत घेण्याआधी तुमचे जुने पॅड काढून हातात घ्या. ते गाडी काय सोसत होती हे स्पष्ट सांगतात. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत असेल तर पॅड ग्लेझ झालाय: तापला, रेझिन वर आलं आणि कडक झालं. कडांना राखाडी-पांढरी रेघ असेल, नख लावल्यावर कड भुगा होऊन सुटत असेल, तर रेझिन जळालंय आणि तुम्ही त्या पॅडच्या तापमानाच्या पट्ट्याबाहेर गेला होता. मागच्या प्लेटवरचा रंग करपून सोललेला असेल तर उष्णता कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत गेलीय, ऑइल तातडीने बदला. आणि एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला असेल, तर थांबा. तिथे मिश्रणाचा काही संबंध नाही. फ्लोटिंग कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बहुधा अडकल्या आहेत, पॅड सतत घासतोय, तापतोय आणि म्हणून फेड होतोय. अशा गाडीला पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की निम्मी तक्रार तिथेच मिटते. साधं पेट्रोलियम ग्रीस तिथे लावू नका, रबर फुगतं.

मोजायचंच असेल तर डिस्कच्या कडेला लावायचा थर्मल पेंट मिळतो. ठरावीक तापमान ओलांडलं की त्याचा रंग बदलतो, आणि घरी आल्यावरही सर्वोच्च तापमान कळतं. इन्फ्रारेड गनवर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. गाडी थांबवून उतरेपर्यंत डिस्क बरीच निवलेली असते आणि चकचकीत लोखंडावर गन कमी आकडा दाखवते.

पुढचे बदलताना मागचे तसेच ठेवावेत का, हेही बहुतेक जण विचारतात. पुढे-मागे एकाच घराण्याचे पॅड घ्या. नाइलाजाने एकच जोडी बदलायची असेल तर पुढची. फक्त मागे जास्त पकडीचे पॅड बसवणं धोक्याचं आहे. जोराच्या ब्रेकला वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि तीच आधी लॉक व्हायला बघतात. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी फिरते. एबीएस सावरायचा प्रयत्न करतं, पण त्याचं गणित मूळ तोलावर बसवलेलं असतं.

नवे पॅड जुन्या डिस्कवर बसवताना डिस्कवरचा आधीच्या मिश्रणाचा थर काढा. डिस्क सरळ आणि पुरेशी जाड असेल तर सँड पेपरने घासणं चालतं, नाहीतर लेथवर हलका हात मारून घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्या खाली जाऊ नका. त्यानंतर पॅड बसवण्याची, म्हणजे बेडिंगची प्रक्रिया. कंपनीने पद्धत दिली असेल तर तीच. दिली नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी ८०-१०० वरून १५-२० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावा. एबीएस चालू होऊ देऊ नका आणि मध्ये एकदाही पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून निवू द्या. शेवटच्या दोन-तीन ब्रेकला करपल्याचा वास आला तर घाबरायचं कारण नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली, तर पॅडचं द्रव्य त्या एका जागी जाड चिकटतं आणि पुढे पेडलला थरथर येते. “डिस्क वाकली” म्हणून लोक डिस्क फेकून देतात, त्यांपैकी बऱ्याच डिस्क वाकलेल्या नसतात, त्यांच्यावरचा थर असमान बसलेला असतो.

तर तुमच्यासाठी: आधी स्लाइड पिन आणि ऑइल, डॉट ४ ताजं किंवा डॉट ५.१. मग पुढे-मागे एकाच घराण्याचे, आर९० शिक्क्याचे फास्ट रोड पॅड. रोजचा रस्ता आणि घाट यांना ते पुरतात. साध्या रस्त्याच्या टायरवर, चार-पाच लॅपच्या तुकड्यांत ट्रॅक डेही निभावतात, कारण गाडी हलकी आहे. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे टायर घ्यायचा विचार असेल तर हे उत्तर बदलतं. टायर जास्त धरतो, तुम्ही उशिरा आणि जोरात ब्रेक मारता, तेवढीच उष्णता कमी वेळात डिस्कमध्ये शिरते. तेव्हा ट्रॅकसाठी पॅडचा वेगळा सेट घ्या, शक्यतो त्याच्या स्वतःच्या डिस्कसह, आणि तिथे पोचल्यावर बदला. ट्रॅकवर दर तुकड्याचा शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश घ्या, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावा. हँडब्रेक ओढला तर मागच्या डिस्कवरही पॅडचं द्रव्य तसंच एका जागी चिकटतं. आणि निघण्याआधी पॅडची जाडी मोजा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो आणि रस्त्यासाठी ३ मिलिमीटरला बदलतात, पण अर्ध्याहून पातळ झालेला पॅड ट्रॅकवर नेऊ नका. जितकं द्रव्य कमी, तितकी उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोचते आणि ऑइल उकळतं.